साडेचारच्या फोटोतला बिबट्या

नमस्कार मंडळी. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, पण स्वतः कधी लिहिलं नाही. खरं सांगू? वाचताना मला हसू यायचं. ती पांढरी साडी, ते उलटे पाय, मागून आलेली हाक... सून विचारायची, "आई, एवढं काय वाचताय?" मी म्हणायचे, "विनोद." राग मानू नका. जिनं एकतीस वर्षं गेलेल्या माणसांना फोटोत आणून बसवलं, तिला भुताची कसली भीती?

आता हे फोटोत बसवणं म्हणजे काय, ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं शिक्षण सातवी. गाव कणकवलीकडचं. आमचे हे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत झाडलोटीला लागले. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं काम करायचे — कुणाच्या तोंडावरचे वण घालव, कुणाचा मिटलेला डोळा उघड. मी लादी पुसता पुसता बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, "बाई, नुसती बघतेस काय, बस." बसले, ती एकतीस वर्षं.

तेव्हा एक पद्धत होती. मुलीचं लग्न झालं आणि बाप हयात नसला, की लोक त्याचा जुना फोटो घेऊन यायचे. "ह्यांना तिच्या शेजारी उभं करा." मग आम्ही बापाला कापून, सांधून, रंग जुळवून त्या ग्रुप फोटोत उभं करायचो. माझं पहिलं काम मी मोठ्या हौसेनं अण्णांना दाखवलं. त्यांनी एकदाच बघितलं. "बाप उजवीकडच्या खिडकीपाशी उभा, मुलगी डावीकडच्या. दोघांवर ऊन दोन बाजूंनी आलंय. मग दोघं एका खोलीत कसे गं?" मला एवढी लाज वाटली! त्या दिवसापासून कुठलाही फोटो हातात आला की मी माणसं नंतर बघते, आधी उजेड बघते.

पुढे कॉम्प्युटर आला. सुनेच्या जुन्या लॅपटॉपवर तोही माझा मी शिकले. त्यामुळे आमच्या सोसायटीत कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं — पाच फण्यांचा नाग, ढगात गणपती — की फोन मला. "परब आजी, खरं की खोटं?" मी सांगायचे. आणि माझं कधी चुकायचं नाही. हे मी बढाई म्हणून नाही सांगत... बरं, थोडी बढाई आहे. पण पुढे जे झालं त्यात ह्या बढाईचा हात आहे म्हणून सांगतेय.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, शेवटच्या गल्लीत. समोरासमोर दोन तीनमजली बिल्डिंगा, ए आणि बी, आणि मधे ऐसपैस मोकळी जागा. ह्या जागेचं एक टोक पूर्वेला गेटकडे. दुसरं पश्चिमेला कंपाउंडच्या भिंतीपाशी, आणि भिंतीपलीकडे लगेच डोंगर, झाडी, जंगल. ए बिल्डिंगला तळमजल्यावर सोसायटीची एक खोली आहे. तिच्यापुढे लांबलचक ओटा. मी बी बिल्डिंगला पहिल्या मजल्यावर. माझ्या खिडकीसमोर तो ओटा असा दिसतो, जसा काय माझ्यासाठीच बांधलाय.

त्या खोलीत लीनाची बालवाडी चालते. लीना डिमेलो, आमच्याच मुलुंडची पोर, सव्वीस वर्षांची. वडील नाहीत, आईचे गुडघे गेलेले. घर ह्या बालवाडीवर. चौदा पोरं. रोज सकाळी आठला ती सगळी ओट्यावर कोवळ्या उन्हात बसून गाणी म्हणतात, मग आत जातात. माझा चहा त्यांच्या गाण्यांवरच होतो.

डोंगरावर बिबटे आहेत हे आम्हाला सगळ्यांना माहीत. कधी कुत्रा नाहीसा होतो, कधी पहाटे पाणी भरताना कुणाला डोळे चमकलेले दिसतात. पण दिवसाढवळ्या आत कधी आला नव्हता. तरी लीना दोन महिने सेक्रेटरींच्या मागे लागली होती — "दळवीकाका, भिंतीवर जाळी लावा, पोरं लहान आहेत." दळवी म्हणजे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट "पुढच्या मीटिंगला" जाते. स्वतःची नात ओवी त्याच बालवाडीत, तरी जाळी पुढच्या मीटिंगला.

जानेवारी महिना होता. गुरुवार. सकाळी लीनानं पोरांकडून शाडूच्या मातीच्या वस्तू करून घेतल्या. लाडू, साप, तवा, आणि ओवीनं केलेला एक भलामोठा हत्ती, सोंड वाकडी, एक कान गायब. सगळं ओट्याच्या पश्चिमेकडच्या टोकाला वाळत ठेवलं, कारण ऊन तिथं जास्त. दुपारी साडेचारला लीना बघायला आली, वाळलं का ते. माझ्या खिडकीखाली उभी राहून फोटो काढायला लागली.

"आजी, बघा ना, किती गोड!"

मी खिडकीतच होते, तांदूळ निवडत. बघितलं. म्हटलं, "तो हत्ती आहे की दळवी?"

"शूऽऽ, ऐकतील!" म्हणून हसली आणि गेली.

आता हे नीट लक्षात ठेवा. मी स्वतः बघत होते. ओट्यावर मातीच्या वस्तूंशिवाय काही नव्हतं. साधी मांजरसुद्धा नव्हती.

लीनानं जाता जाताच फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. नीट बघितलाही नाही. दहा मिनिटांत आमच्या दोन्ही बिल्डिंगांत गलका. मनीषा — माझी सून, अंधेरीला जाहिरातींच्या ऑफिसात आहे, त्या दिवशी घरून काम करत होती — ती फोन घेऊन धावत आली.

"आई, हे बघा. लीनाने काय पाठवलंय!"

ओटा तोच. हत्ती, लाडू, तवा, सगळं तेच. आणि त्या वस्तूंच्या मधोमध बिबट्या. मांजर बसते ना, पुढचे पाय जुळवून, तसा. तोंड उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. डोळे अर्धे मिटलेले. अंगावरचा ठिपका न् ठिपका स्पष्ट.

मी चष्मा बदलला. लॅपटॉपवर मोठा करून बघितला. आधी कडा बघितल्या. कापलेल्या चित्राची कड एक तर फार धारदार असते किंवा फार मऊ. इथं मिशीचे केससुद्धा सुटे सुटे. मग दाणा बघितला, म्हणजे फोटोचा बारीक पोत, मग रंग बघितला. सगळं बसत होतं. आणि मग उजेड बघितला.

"मनीषा, हा जोडलेला आहे."

"कशावरून?"

"हत्तीची सावली बघ. उजवीकडे पडलीय. साडेचारचं ऊन, पश्चिमेकडून आलेलं. बरोबर आहे. आता बिबट्याची बघ."

बिबट्याची सावली डावीकडे पडली होती. ऊन त्याच्या तोंडावर होतं, पूर्वेचं. आणि सावली लांबच लांब, फिकी, उंचीच्या मानानं हत्तीच्या सावलीच्या दुप्पट.

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीचा फोटो संध्याकाळचा आणि हा बिबट्या सकाळचा. आठच्या आसपासचा. कुठल्या तरी सकाळी काढलेला बिबट्या आणून इथं बसवलाय."

"पण आई, एवढ्या वेळात कसा बसवेल कुणी?"

"हे तू मला विचारतेस?"

"हं... एआय दहा सेकंदांत करतो म्हणा," मनीषा म्हणाली. पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा नव्हता.

तेवढ्यात लीना आली. रडून डोळे सुजलेले. "आजी, देवाशपथ मी काही केलं नाही. मी वस्तूंचा फोटो काढला. हे कुठून आलं मला नाही माहीत. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात सगळे."

सात वाजता सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. पालक घाबरलेले, चिडलेले. दळवींनी फोन वर धरला. "दोन महिने जाळी जाळी करत होती. आम्ही ऐकलं नाही म्हणून हा उद्योग! लोकांना घाबरवायचं, म्हणजे जाळी लागेल. काय गं लीना?"

"काका, मी असं का करीन? बिबट्याच्या नावानं पोरं कायमची काढली लोकांनी तर मी खाऊ काय?"

दळवींनी फोन खाली घेतला. ते माझ्याकडे वळले. "परब आजी, तुम्ही सांगा. खरा की खोटा?"

लीना माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही खिडकीत होतात. फोटो काढताना पाहिलंत ना मला?"

आणि मी काय म्हणावं? "फोटो काढताना पाहिलं, बाय. नंतर फोनवर काय केलंस ते नाही पाहिलं. हा फोटो जोडलेला आहे."

अजून ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

कारण एक गोष्ट मला दिसली होती आणि मी ती बोलले नाही. बिबट्याची ती सावली ओवीच्या हत्तीवरून गेली होती. त्या वाकड्या सोंडेवर चढली होती, कान नव्हता तिथल्या खड्ड्यात उतरली होती, मग पलीकडे लादीवर परत सरळ झाली होती. अशी सावली माझ्या हातून जन्मात पडली नसती. आणि हत्ती तर त्याच सकाळी केलेला, जगात एकुलता एक! दुसरीकडून आणलेल्या बिबट्याच्या सावलीला ओवीच्या हत्तीचा गेलेला कान कसा माहीत असेल? हे मनात आलं होतं. पण सगळ्यांसमोर "मला कळत नाही" म्हणायला जमलं नाही. एकतीस वर्षांचा माज, दुसरं काय.

दळवी म्हणाले, "झालं तर मग. उद्यापासून बालवाडी बंद. कमिटी ठरवेल ठेवायची की नाही ते."

लीनानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. रडलीही नाही, तेच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं चहा घेऊन खिडकीत बसले. आठला दहा कमी असतील. ओटा रिकामा. मातीच्या वस्तू तशाच. ऊन नुकतंच गेटकडून आत आलं होतं, ओट्यावर पसरत होतं. गाणी नाहीत, काही नाही. ही शांतता आपण केली, असं वाटून चहा कडू लागत होता.

आणि भिंतीवरून तो उतरला.

आवाज नाही हो... काही आवाज नाही. कपडा वाळत घालताना हातातून खाली पडावा, तसा. ओट्यावर चढला. दोन पावलं चालला, त्या वस्तूंच्या मधे आला, आणि पुढचे पाय जुळवून बसला. तोंड पूर्वेला, उन्हाकडे. डोळे अर्धे मिटलेले. सावली डावीकडे, लांबच लांब, फिकी... हत्तीच्या सोंडेवर चढलेली.

इतकी वर्षं मुंबईत काढली, पण तोंडातून मालवणीच आलं. "मनीषा... वाघ बसलोसा गो... थयच!" तिथंच, फोटोतल्या जागी.

मनीषा धावत आली आणि माझा खांदा घट्ट धरला. तिला आधी तो दिसला. आणि मला त्याच क्षणी गेटकडून येणारी लीना दिसली. हातात किल्ली, कापडी पिशवी. पोरांच्या वस्तू घरी न्यायला आली असणार. मधे ए बिल्डिंगचा जिन्याचा भाग पुढे आलेला आहे, त्यामुळे तिला ओट्याचं ते टोक दिसत नव्हतं. वळली असती की पंधरा पावलांवर तो.

ओरडावं तर तो बिथरेल. मी फोन लावला. लीनानं फोन बघितला... आणि कट केला.

परत लावला. परत कट.

"माझ्यावर रागावलीय गं!" मी मनीषाला म्हटलं. "तू लाव, तू लाव!"

मनीषानं लावला. उचलला तिनं. मनीषा कुजबुजली, "लीना, तिथंच थांब. पुढे येऊ नको. ओट्यावर बिबट्या आहे."

लीना थांबली, पण वर बघून फणकाऱ्यानं म्हणाली, "ताई, काल झाली ना मस्करी करून? आज परत?" आणि पाऊल उचललं.

मी मनीषाच्या हातातून फोन ओढून घेतला. "लीना, बाय माझे... तुझा फोटो खरा आहे. तोच बसलाय. तुझा फोटो खरा आहे गं. मागे फिर, जिन्यात जा."

काय झालं कोण जाणे. त्या चार शब्दांनी ती जागच्या जागी वळली आणि ए बिल्डिंगच्या जिन्यात शिरली. जाळीचं दार ओढून घेतल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. मग नुसता तिचा श्वास.

मनीषा तिच्या ऑफिसच्या फोनवर वनखात्याला कळवत होती. माझा फोन दुसऱ्या हातात होता. मी तो वर केला आणि फोटो काढला. आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले फोटो सुधारत आले, स्वतः जीव लावून काढलेला हा पहिलाच.

बिबट्या आणखी पाच-सहा मिनिटं बसला असेल. मग उठला, अंग ताणलं, भिंतीवर चढला, गेला. आठ वाजले होते. रोजच्या दिवशी त्या वेळी तिथं चौदा पोरं बसलेली असतात. आणि ओवी नेमकी त्याच टोकाला, कारण तिला उन्हात बसायचं असतं.

तासाभरात वनखात्याची माणसं आली. भिंतीपाशी, झाडांना पाणी घातलेल्या ओल्या मातीत पंजाचे ठसे सापडले, येतानाचे आणि जातानाचे, ताजे, सकाळचे. आदल्या दिवशीचं काही सापडलं नाही. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं की बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. मी घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. लीनाचा आणि माझा. खांद्यावरचा एक ठिपका तुटक्या बांगडीसारखा होता, त्याच्या खाली तीन लहान. दोन्हीकडे तेच. मी दुपारभर एक एक ठिपका मोजत बसले, जेवलेसुद्धा नाही. एकही चुकला नाही. सावलीसुद्धा त्याच लादीच्या त्याच कडेपाशी संपत होती. माझा फोटो वरून काढलाय आणि हललेला आहे, एवढाच काय तो फरक.

लीनाच्या फोनमध्ये फोटोची वेळ आहे चार बत्तीस, गुरुवार. माझ्या फोनमध्ये सात त्रेपन्न, शुक्रवार. मनीषानं तिच्या ऑफिसातल्या एकाला तो फोटो काही न सांगता दाखवला. तो रोज हेच काम करतो. तासभर बघून म्हणाला, "जोड कुठेच नाही. पण उजेड दोन बाजूंनी आहे. कसं केलंय?"

"माझ्या सासूबाई पण हेच विचारतायत," मनीषा म्हणाली.

मी खूप डोकं चालवलं. आधीच्या एखाद्या सकाळी कुणी बिबट्याचा फोटो काढून ठेवला असेल म्हणावं, तर हत्ती गुरुवारी झाला. आणि हत्ती झाल्यानंतर पहिली सकाळ आली ती शुक्रवारची! फोन कधी कधी दोन फोटो एकात मिसळतो म्हणे, पण झालेलेच मिसळेल ना? जी सकाळ उगवायचीच आहे, ती कुठून आणेल?

शुक्रवारीच संध्याकाळी परत सगळे जमले. मी कुणी विचारायच्या आत उभी राहिले. म्हटलं, "काल मी सांगितलं तेव्हा एक गोष्ट लपवली. मला तो फोटो कळला नव्हता. कळला नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून जोडलेला म्हटलं. ह्या पोरीनं काही केलं नाही. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागते."

दळवी खाली मान घालून बसले होते. मांडीवर ओवी. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "तरी एका अर्थी... मी बालवाडी बंद केली म्हणून पोरं वाचली."

"हो ना काका," मनीषा म्हणाली, "तुमचा सत्कार करूया. पुढच्या मीटिंगला."

सगळे हसले, दळवीसुद्धा. पण हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी लीनापुढे हात जोडले. पासष्टीचा माणूस. लीना कावरीबावरी झाली. मग एवढंच म्हणाली, "जाळी कधी लावताय ते सांगा."

जाळी चार दिवसांत लागली. भिंतीवर उंच, आणि ओट्याला बाजूनं पण. सोमवारपासून वनखात्यानं सांगितलेले नियमही आले. कचरा उघडा नाही, पोरं एकटी नाहीत. जाळी झाल्यावर बालवाडी सुरू झाली. चौदाच्या चौदा पोरं परत आली. एकाही आईनं पोराचं नाव काढून घेतलं नाही.

लीना माझ्याशी मात्र चार दिवस बोलली नाही. तिचा हक्कच होता. पाचव्या दिवशी मी खोबऱ्याच्या वड्या घेऊन तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "बसा." लीना भिंतीला टेकून उभी. मी म्हटलं, "बाय, इतकी वर्षं मी गेलेली माणसं आजच्या फोटोत आणली. लोकांना बरं वाटावं म्हणून. तेव्हा कुणी मला खोटी म्हटलं नाही. आणि तुझ्या फोटोत कुणीतरी उद्याची गोष्ट आणून ठेवली, पोरं जगावी म्हणून, तर मी तुला खोटी म्हटलं. मला अजून समजत नाहीये, कुणी ठेवली. पण तू नाहीस, एवढं समजतंय."

लीना वड्यांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "वाट लावली होती तुम्ही माझी, आजी."

"हो."

"माफी अशी नाही मिळणार. शिक्षा आहे. रोज साडेसातला यायचं, पोरं आत जाईपर्यंत ओट्याच्या त्या टोकाला बसायचं. एवढे तीक्ष्ण डोळे आहेत ना तुमचे? मग वापरा."

आणि वडी उचलली.

मंडळी, मी आजही देवदेवस्कीवाली नाही. तुमच्या पांढऱ्या साड्या मला अजून पटत नाहीत, माफ करा. तो फोटो माझ्या लॅपटॉपवर आहे. महिन्यातून एकदा तरी उघडते आणि उजेड बघते. दरवेळी तेच दिसतं — एका ओट्यावर संध्याकाळ आणि सकाळ, दोन्ही. मी जे काम शिकले त्यात ह्याला जागा नाही. लीना म्हणते तिच्या देवानं केलं, दळवी म्हणतात त्यांच्या कुलदैवतानं. मनीषा म्हणते, माहीत नाही, आणि मला तेच उत्तर सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ज्यानं कुणी केलं असेल, त्याला माझा नमस्कार. हात फार सफाईचा आहे. आणि माझ्यासारखीनं खोटा ठरवला तरी तो फोटो आपलं काम करून गेला, ह्याचे उपकार कुठे फेडू तेच कळत नाही.

तुमच्यापैकी कुणाला काही समजलं तर जरूर लिहा. पण सकाळी साडेसात ते साडेआठ फोन करू नका, मी उचलत नाही. तेव्हा मी ओट्यावर बसलेली असते, मफलर गुंडाळून, तोंड भिंतीकडे. मागे गाणी चाललेली असतात आणि मी मान वळवून पोरं मोजत असते. आज तेराच भरली. लीनाला विचारलं, तर म्हणाली, "ओवीला सर्दी आहे, आजी. घरी आहे."

तरी मी वर दळवींकडे जाऊन दार वाजवून बघून आले. चादरीत गुंडाळून बसली होती, नाक लाल, दळवींना मातीचा उंदीर करायला लावत होती. मग कुठे खाली येऊन चौदा म्हटलं.